पळी आणि प्रतिष्ठा

दहावी-बारावीचे निकाल लागले. पेढे वाटून झाले, यशस्वी विद्यार्थ्यांचे सत्कार झाले आणि आता घराघरांतून दरवर्षीचा तो प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला आहे : पुढे काय? ज्यांना नव्वद टक्क्यांच्या वर गुण पडले, त्यांची चिंता करण्यास समाज सदैव तत्पर असतो. परंतु पन्नास-साठ टक्क्यांच्या घरात असलेल्या मुलामुलींचा समुदाय याहून कितीतरी मोठा आहे, आणि त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आजचा हा लेख त्यांच्यासाठी आणि त्याहूनही अधिक त्यांच्या मातापित्यांसाठी आहे.

परवा सत्तरी तालुक्यातील एक गृहस्थ आमच्या कचेरीत आले. ते या पत्राचे जुने वाचक. खाणी चालू होत्या तेव्हा त्यांच्या दारात कर्जाऊ घेतलेला ट्रक उभा असे. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, कर्ज तेवढे मागे राहिले. त्यांचा धाकटा मुलगा यंदा बारावी उत्तीर्ण झाला आहे. त्याला पाकशास्त्राचे शिक्षण घेऊन हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करावयाचे आहे. बाप अस्वस्थ होता. “साहेब, आमच्या घराण्यात आजवर कोणी दुसऱ्याची उष्टी काढली नाहीत. पोरगा म्हणतो, हॉटेलात रांधायला शिकणार. तुम्ही त्याला दोन शब्द सांगा,” असे ते म्हणाले. बोलता बोलता गोष्ट त्यांच्या वडिलांवर आली आणि त्यांचा चेहरा उजळला. गावच्या देवळातील समाराधनेचे जेवण त्यांच्या वडिलांवाचून कोणी रांधत नसे म्हणे. दोनशे पानांचे खतखते ते अंदाजाने करीत आणि मीठ कधी चुकत नसे. हे सांगताना त्या गृहस्थांना विलक्षण अभिमान वाटत होता. आजोबांची जी पळी घराण्याचे भूषण ठरली, तीच नातवाच्या हाती लाजिरवाणी कशी ठरते, हा प्रश्न त्यांच्या मनास शिवला नव्हता.

या एका गृहस्थास दोष देण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरील आणि किनाऱ्यालगतच्या आमच्या हिंदू मराठी समाजात हीच भावना घरोघर आहे. घरात अन्नपूर्णेची मूर्ती पुजायची आणि अन्न शिजविण्याचा व्यवसाय करणाऱ्यास मात्र ‘आचारी’ म्हणून पंगतीच्या टोकाला बसवायचे, ही आमची रीत. आमचे म्हणणे सरळ आहे. पाकव्यवसाय हा शिकून करण्याजोगा, कष्टाचा आणि मानाचा व्यवसाय आहे. आमच्या मुलांनी त्यात जावे की न जावे हे त्यांच्या आवडीवर आणि कुवतीवर ठरावे, आमच्या खोट्या लाजेवर ठरू नये. आणि ज्यांनी जावे, त्यांनी रीतसर शिकून जावे.

ही लाज आली कोठून, हे समजून घेतले पाहिजे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गावोगावी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. ज्यांच्या सात पिढ्यांनी भाटकाराच्या दारात मान खाली घालून दिवस काढले, त्यांची मुले पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत बसली. त्यांतली काही शिक्षक झाली, काही कारकून, तलाठी, अभियंते झाली. त्या पिढीला सरकारी नोकरी म्हणजे केवळ पगार नव्हता, ती मुक्तीची खूण होती. खुर्चीवर बसून केलेल्या कामाचे आकर्षण आम्हांस तेव्हापासून लागले आणि ते अगदीच अकारण होते असे कोणी म्हणू नये.

परंतु काळ तेथेच थांबलेला नाही. सरकारी जागा मोजक्या आणि त्यांच्यासाठी रांगेत उभे असलेले तरुण हजारोंनी, अशी आजची स्थिती आहे. २०२४ सालच्या अखेरीस सरकारी नोकरीच्या आमिषाने लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे गोव्यात एकामागून एक उजेडात आली, पोलिसांत तक्रारी नोंदल्या गेल्या, अटका झाल्या. आईच्या गळ्यातील सोने मोडून दलालाच्या हाती देण्यास ज्या घराला लाज वाटली नाही, त्या घराने मुलाच्या हाती पळी पाहून लाजावे, यासारखी विटंबना दुसरी नाही. दुसरीकडे खाण व्यवसायाने काय शिकविले तेही आठवावे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविल्यावर पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतील कित्येक घरांचे अर्थकारण त्या एका निर्णयासरशी कोसळले. ज्यांच्या हाती ट्रकच्या चाकाखेरीज दुसरे कसब नव्हते, त्यांची सर्वांत अधिक दैना झाली. हाती असलेले कौशल्य कोणत्याही न्यायालयाच्या निकालाने रद्द होत नाही, हा त्यातला धडा आहे.

आता समोर काय आहे ते पाहू. आग्वादच्या किल्ल्यावरील पहिले मोठे पंचतारांकित हॉटेल १९७४ साली उघडले. १९८३ साली राष्ट्रकुलातील राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात येऊन राहिले. त्याच दशकात परदेशी पर्यटकांची थेट भाड्याची विमाने दाबोळीला उतरू लागली. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा येथील दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन झाले. २०११ च्या जनगणनेनुसार ज्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, त्या राज्यात २०२४ साली एक कोटीहून अधिक पर्यटक येऊन गेले. या पर्यटनाने गोव्याचे भले किती केले आणि बुरे किती, यावर आम्ही या स्तंभातून वेळोवेळी लिहिले आहे, पुढेही लिहू. किनारे, टेकड्या, शेते यांच्या होणाऱ्या हानीबद्दल आमचे मत बदललेले नाही. परंतु एवढे लोक येतात, ते रोज दोन वेळा जेवतात, आणि ते जेवण कोणीतरी शिजवितो, हे तर खरे ना?

तो कोण? कोणत्याही मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात डोकावून पाहावे. तेथे उत्तराखंडातील गढवालचा तरुण आहे, नेपाळचा आहे, ओडिशा आणि बंगालचा आहे. आमचा मुलगा असला तर बहुधा दारावरच्या पहाऱ्यावर किंवा बाहेर टॅक्सीत असतो. परप्रांतीयांनी आमचा रोजगार हिरावला अशी ओरड करणाऱ्यांच्या कळपात आम्ही सामील होणार नाही. गढवालच्या डोंगरातून निघालेला तो पोरगा भांडी घासण्यापासून सुरुवात करतो, कांदे सोलतो, शिव्या खातो, शिकतो आणि दहा-बारा वर्षांनी त्या स्वयंपाकघराचा प्रमुख होतो. त्याने हे स्थान कष्टाने मिळविले आहे. जी जागा आम्ही नाक मुरडून रिकामी ठेवली, तेथे तो येऊन उभा राहिला. यात त्याचा अपराध कोणता?

आमच्या परंपरेने हे काम कधी हीन मानले नव्हते. अज्ञातवासात भीमसेनाने विराटाच्या घरी बल्लव होऊन वर्ष काढले. नलराजाची कीर्ती त्याच्या पाककौशल्यासाठीही आहे आणि ‘पाकदर्पण’ हा संस्कृत ग्रंथ परंपरेने त्याच्याच नावावर मोडतो. अलीकडच्या काळात यावे तर लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली ‘गृहिणीमित्र’ लिहून हजार पाककृती मराठीत आणल्या, आणि १९७० साली प्रसिद्ध झालेली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ लग्नात मुलीबरोबर सासरी पाठविण्याची वस्तू बनली. माप, वेळ, आच, क्रम यांचे शास्त्र या गृहिणींनी शाळा-कॉलेजच्या मदतीवाचून उभे केले. घरातल्या पळीला आम्ही मान दिला, हे खरे. मात्र तो मान उंबऱ्याच्या आतच राहिला. उंबऱ्याबाहेर पळी नेली की तिची मजुरी झाली!

याच भूमीतील आमच्या ख्रिस्ती बांधवांनी ही चूक केली नाही. सासष्टी-बारदेशातील कितीतरी तारवटी बोटींवर कोझनेर म्हणून गेले. मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात ‘कूड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावोगावच्या क्लबांत एका ट्रंकेपुरत्या जागेत राहून त्यांनी जहाजाची वाट पाहिली आणि त्या कमाईतून गावी घरे बांधली, मुले शिकविली. माजोर्ड्याच्या पोदेरांचे नाव त्यांच्या कसबासाठी अजून घेतले जाते. गोमंतकीय कुळातील, मुंबईत वाढलेले फ्लॉइड कार्डोझ जीवरसायनशास्त्राचा अभ्यास सोडून स्वयंपाकाकडे वळले, मुंबईत आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये शिकले, आणि १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये ‘तबला’ या उपाहारगृहाचे प्रमुख पाकतज्ज्ञ म्हणून आमच्याच मसाल्यांची चव त्यांनी अमेरिकेला लावली. २०२० च्या मार्चमध्ये करोनाने त्यांचा अंत झाला, तेव्हा तेथील मोठमोठ्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर लेख लिहिले. खतखत्याच्या, उड्डामेथीच्या, तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या हुमणाच्या घरांतून असा एखादा का निघू नये?

हिंदूंतही उदाहरणे नाहीत असे नाही. मुंबईत दादरला मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० साली सुरू झाले. उडुपीकडून आलेल्या रामा नायक यांनी १९४२ साली माटुंग्यास सुरू केलेल्या खानावळीत केळीच्या पानावरचे जेवण आजही मिळते. पणजी, म्हापसा, मडगावच्या कॅफेंतून पातळभाजी-पाव आणि बन्स खाऊन आमच्या दोन-तीन पिढ्या कचेरीस व शाळेस गेल्या. या मंडळींनी अन्न विकले म्हणून त्यांचे कुलशील बुडाले असे कोणी म्हणेल काय?

येथवर वाचून एखाद्या तरुणाला हुरूप आला असेल तर त्याने क्षणभर थांबावे. दूरचित्रवाणीवरील पांढराशुभ्र कोट घातलेला हसतमुख शेफ पाहून जे या क्षेत्रात येतात, त्यांतले पुष्कळसे पहिल्या वर्षातच परततात. स्वयंपाकघर म्हणजे भट्टीची धग, दहा-दहा तास उभे राहणे, ओली फरशी, धारदार सुरी आणि घड्याळाशी चाललेली झुंज. लोक सुट्टीवर असतात तेव्हा या माणसाला काम असते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा त्याला घरचे तोंड दिसत नाही, आणि चतुर्थीच्या रजेसाठीही वरिष्ठांची मनधरणी करावी लागते. आरंभीचा पगार बेताचाच असतो. मोठ्या हॉटेलात तिसऱ्या दर्जाच्या ‘कॉमी’पासून चढत ‘शेफ द पार्टी’, मग ‘सू-शेफ’ आणि शेवटी मुख्य शेफ या पायऱ्या गाठावयास वर्षे जातात. ज्याला कष्टाचे वावडे आहे, त्याने या वाटेला जाऊच नये.

मांसाहार व मद्य यांविषयीचा प्रश्नही आडपडदा न ठेवता बोलला पाहिजे. पाश्चात्य पाकशास्त्र शिकताना निरनिराळ्या प्रकारचे मांस हाताळावे लागते, पदार्थांत वारुणीचा वापर होतो. ज्यांच्या घरी याबाबत कडक निर्बंध आहेत, त्यांनी प्रवेशापूर्वीच संस्थेला स्पष्ट विचारावे, आणि मिठाई, बेकरी किंवा शाकाहारी विभागाकडे वळण्याची वाट कितपत मोकळी आहे ते पाहावे. आधी विचारलेला प्रश्न नंतरच्या पश्चात्तापापेक्षा बरा.

कित्येकांस वाटते, स्वयंपाकात शिकण्यासारखे काय आहे? आई करते, आजी करते, तसेच करावयाचे. हा मोठा भ्रम आहे. एकच उदाहरण देतो. समजा, एखाद्याने सहाशे रुपये किलोच्या भावाने दहा किलो इसवण घेतला आणि दीडशे ग्रॅमची एक फोड गिऱ्हाइकाच्या ताटात वाढली. न शिकलेला म्हणेल, मासळीचा खर्च नव्वद रुपये झाला. पण डोके, काटा, पोट काढून टाकल्यावर हाती साडेसहा किलोच राहिला, तर शुद्ध मासळी किलोला नऊशे तेवीस रुपयांना पडली आणि तीच फोड एकशे अडतीस रुपयांची झाली. हा अठ्ठेचाळीस रुपयांचा फरक ज्याला कळला नाही, त्याचे हॉटेल गिऱ्हाइकांच्या गर्दीतही बुडते. आमच्या गावांतून उत्साहाने उघडलेली आणि दोन हंगामांत कुलूप लागलेली किती उपाहारगृहे या एका हिशेबाने गेली असतील! याखेरीज कच्चे आणि शिजलेले अन्न वेगळे ठेवणे, शीतगृहाचे तापमान राखणे, साठा आधी आलेला आधी वापरणे, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याचे नियम पाळणे, पन्नास माणसांच्या पाककृतीचे पाचशेच्या मापात रूपांतर करणे, ही सारी विद्या आहे. आजीच्या हाताला चव होती. तीच चव दररोज, दर ताटात, ठरलेल्या खर्चात देणे म्हणजे हा व्यवसाय.

ही विद्या मिळते कोठे? मुंबईत १९५४ साली लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने या विषयाची देशातील पहिली संस्था निघाली. १९८२ साली केंद्र सरकारने हॉटेल व्यवस्थापन शिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापिली. गोव्यात या परिषदेशी संलग्न असलेली संस्था पर्वरीस आहे. आमच्या मुलांपुढे आज तीन दारे आहेत असे समजावे. पहिले दार बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदवीचे. राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांतील प्रवेशासाठी देशपातळीवरील परीक्षा असते, इंग्रजी आवश्यक असते, आणि स्वयंपाकाबरोबर वाढप, स्वागतकक्ष, गृहव्यवस्था हेही शिकावे लागते. ज्याला पुढे व्यवस्थापनाकडे जावयाचे आहे त्याचा हा मार्ग. दुसरे दार दीड वर्षाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांचे. त्यांचा भर प्रत्यक्ष पाकक्रियेवर व बेकरीवर असतो. तिसरे दार औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे. अन्ननिर्मितीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावी झालेल्यास घेता येतो, फी अल्प असते, आणि त्यानंतर हॉटेलात उमेदवारी करीत विद्यावेतन घेता येते. गरीब घरातील मुलाने या तिसऱ्या दारास कमी लेखू नये. हातास वळण लागले की पुढचे शिक्षण नोकरी सांभाळूनही घेता येते.

या सरकारी दारांच्या आजूबाजूस आता खाजगी दुकानेही पुष्कळ झाली आहेत. त्यांतली काही चांगली आहेत, पण काचेची इमारत आणि रंगीत माहितीपत्रक म्हणजे शिक्षण नव्हे. पालकांनी पैसे भरण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. शिकाऊ स्वयंपाकघरात किती चुली आहेत आणि एका चुलीपाशी किती मुले उभी राहतात? आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष हाताने काम असते? शिकविणाऱ्यांनी स्वतः किती वर्षे हॉटेलात काम केले आहे? पदवी कोणत्या विद्यापीठाची? मागील वर्षीची मुले आज कोठे आहेत, आणि त्यांतल्या दोघांशी बोलता येईल काय? या प्रश्नांना जी संस्था टाळाटाळ करील, तिचा उंबरा ओलांडू नये.

हीच सावधगिरी जहाजावर किंवा आखाती देशांत पाठविणाऱ्या दलालांच्या बाबतीत बाळगावी. पर्यटक जहाजांच्या स्वयंपाकघरांत चांगला पगार मिळतो, गोव्याचे तरुण तेथे नाव कमावून आहेत, हे खरे. परंतु जहाजावर जाण्यासाठी नाविक ओळखपुस्तिका व सुरक्षेचे प्राथमिक प्रशिक्षण लागते, आणि भरती करणाऱ्या संस्थेपाशी जहाज वाहतूक महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. तो परवाना पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. नोकरी देण्यासाठी जो आधी लाखांची मागणी करतो, तो नोकरी देणारा नसून लुटणारा आहे, हे सरकारी नोकरीच्या बाजारात पोळलेल्या आमच्या लोकांना पुन्हा सांगावे लागू नये.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. ज्या समाजाने स्वयंपाक हे स्त्रीचे जन्मसिद्ध कर्तव्य मानले, तोच समाज मुलगी हॉटेलच्या स्वयंपाकघरात नोकरी करते म्हटल्यावर भुवया उंचावतो. घरी बिनमोल केलेले काम शोभते आणि पगार घेऊन केलेले शोभत नाही, या तर्काला काय म्हणावे? आमच्या गावांतून बचतगटांच्या बायका लोणची, सोले, नेवऱ्या, खाजे करून विकतात. त्यांच्या हाताला रीतसर प्रशिक्षणाची, हिशेबाची आणि परवान्याची जोड मिळाली तर त्या दुसऱ्यांनाही रोजगार देतील. मात्र रात्री अकरा वाजता पाळी संपल्यावर मुलीने घरी कसे पोहोचावे, या पालकांच्या प्रश्नाची थट्टा करून चालणार नाही. तो प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर देणे हॉटेलमालकांचे काम आहे.

कारण सारा उपदेश आम्ही मुलांना आणि आईबापांना करावा आणि मालक व सरकार यांना मोकळे सोडावे, हे न्यायाचे होणार नाही. स्थानिक मुले कामाला टिकत नाहीत, ही हॉटेलमालकांची नेहमीची तक्रार आहे. तिच्यात तथ्याचा अंश असेल. पण हंगाम संपताच घरी बसविणे, शिकाऊ मुलाकडून सहा महिने केवळ कांदे सोलून घेणे, जादा तासांचा मोबदला न देणे, अशा वागणुकीपुढे कोणाचा मुलगा टिकेल? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनी आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावयाचे असतात. गोव्यातील कोणत्या हॉटेलाने किती उमेदवार घेतले, त्यांतले स्थानिक किती आणि त्यांतल्या किती जणांना पुढे कायम नोकरी मिळाली, ही यादी सरकारने दरवर्षी प्रसिद्ध करावी अशी आमची मागणी आहे. वाळपई, केपे, काणकोण, पेडणे येथील मुलांना पर्वरी दूर पडते. तालुक्याच्या ठिकाणी या विषयाचे वर्ग वाढवावेत, आणि मराठी-कोकणीतून शिकलेल्या मुलांसाठी या व्यवसायातील इंग्रजी व फ्रेंच शब्दांचा पूर्वतयारीचा एक वर्ग ठेवावा. हुशार मुलगा केवळ भाषेच्या भीतीने मागे राहता कामा नये.

आणखी एक गोष्ट आम्हांस बोचते. गोव्यात येणाऱ्या पर्यटकास आमच्या हिंदू घरांतील जेवणाची ओळखच होत नाही. त्याला पंजाबी रस्सा मिळतो, चिनी शेवया मिळतात. पण मुगा गाठी, तोंडाक, अळूचे फदफदे, सोलकढी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मणगणे हे पदार्थ शोधून काढावे लागतात. हे पदार्थ आज ज्यांच्या हाताशी आहेत त्या आया-आज्या किती वर्षे पुरतील? पोदेराच्या भट्ट्या मुलांनी सोडल्या आणि त्या बाहेरच्यांनी चालवायला घेतल्या, हे आम्ही डोळ्यांदेखत पाहिले. आमच्या चुलीचेही तेच होऊ द्यावयाचे नसेल तर घरातले एखादे तरी पोर हे काम शास्त्र म्हणून शिकले पाहिजे. भाषा जशी बोलणारे उरले तर जगते, तसे अन्न रांधणारे उरले तर जगते.

सर्वांनीच पळी हाती घ्यावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्याचा हात यंत्रावर चालतो त्याने शीतयंत्रांची दुरुस्ती शिकावी, ज्याला रुग्णसेवेची ओढ आहे त्याने परिचर्या शिकावी. त्या क्षेत्रांतही माणसे हवी आहेत आणि तेथेही आमचा हाच सल्ला आहे. निवड करण्यापूर्वी मुलाने त्या कामाच्या जागी महिना-दोन महिने उभे राहून पाहावे. ओळखीच्या खानावळीत, लग्नाच्या जेवणावळीत, बेकरीत सुट्टीपुरते काम करावे. पंधरा दिवस भांडी घासून आणि मासळी साफ करूनही ज्याला सोळाव्या दिवशी पुन्हा जावेसे वाटते, त्याची निवड पक्की समजावी. शेजाऱ्याचा मुलगा काय शिकतो हे पाहून ठरविलेले शिक्षण आणि गुणांच्या टक्क्यांवरून ठरविलेले शिक्षण, ही दोन्ही सारखीच आंधळी आहेत.

स्वातंत्र्याच्या चळवळीने या देशाला जे धडे दिले त्यांत श्रमप्रतिष्ठेचा धडा फार मोलाचा होता. गांधीजींच्या आश्रमांत स्वयंपाक, दळण आणि सफाई ही कामे सर्वांनी वाटून घ्यावयाची असत. तेथे बॅरिस्टर आणि विणकर यांच्या हातात फरक नव्हता. आम्ही तो धडा भाषणांपुरता ठेवला आणि घरी येऊन मुलांना खुर्चीचे स्वप्न दाखविले. राजकीय गुलामगिरी गेली, पण हाताने काम करणाऱ्यास खालचा मानण्याची मनाची गुलामगिरी अजून गेलेली नाही. ती घालविण्यास सत्याग्रह नको, तुरुंगवास नको. आपल्या मुलाने काय करायचे ठरविले आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांत मान वर करून सांगता आले, म्हणजे पुष्कळ झाले.

सत्तरीच्या त्या गृहस्थांना आम्ही एवढेच विचारले, “तुमचे वडील आज असते तर नातवाला काय म्हणाले असते?” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणाले असते, मीठ शेवटी घाल.” जाताना त्यांनी पर्वरीच्या संस्थेचा पत्ता लिहून घेतला. मुलाने कोणते दार निवडले हे आम्हांस अद्याप कळलेले नाही. परंतु ते दार त्याचा बाप आता आतून लावून घेणार नाही, असा आम्हांस विश्वास वाटतो. निकालानंतरच्या या दिवसांत आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असाच एखादा मुलगा अगर मुलगी मनातली गोष्ट सांगण्याचे धैर्य गोळा करीत असेल, त्यांनी ती गोष्ट आधी पुरती ऐकून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.